पुणे-हंपी सायकल टूर : विजयपूरच्या रेस्ट डेला काय बघायचं आणि काय सोडायचं

प्रश्न थोडक्यात असा की पाच जणांचा ग्रुप डिसेंबरात पुण्याहून हंपीला सायकलने निघतोय, मध्ये विजयपूरला (म्हणजे आपलं विजापूर, २०१४ पासून अधिकृत नाव बदललं) एक दिवस थांबायचं ठरलंय, आणि त्या एका दिवसावरून ग्रुपमध्ये दोन पार्ट्या पडल्यात. एक पार्टी म्हणते रेस्ट डे म्हणजे रूमवर लोळायचं, बाकी काही नाही. दुसऱ्या पार्टीने बावीस ठिकाणांची यादी काढून ठेवलीय. कुणाचं ऐकू?

कुणाचंच नको. दिवसभर लोळलात तर दुसऱ्या दिवशी पाय शिशाचे होतात आणि पहिले वीस-पंचवीस किलोमीटर नुसती रडारड. बावीस ठिकाणं केलीत तर दुसऱ्या दिवशी इलकलपर्यंत (तो पुढचा मुक्काम) पोचताना मांड्या शिव्या देतील. बरीच वर्षं लोकांना असल्या टूरवर नेतोय, त्यामुळे अंदाजाने नाही सांगत, रेस्ट डेला सायकलस्वार थकतो तो सायकलमुळे नाही, तो जिन्यांमुळे आणि फरशीवर तासन् तास उभं राहिल्यामुळे. म्हणून शहरातले किलोमीटर मोजत बसू नका, तिथे सगळं पाच-सहा किमीच्या आत आहे. पायऱ्या मोजा, त्यातही उतरायच्या.

आता हे असं का ते जरा समजून घ्या, कारण एकदा कळलं की यादी आपोआप छोटी होते. पेडल मारताना मांडीचा स्नायू आखडत ताकद लावतो, फक्त ढकलायचं काम. जिना उतरताना तोच स्नायू ताणला जात असतो आणि ताणला जाता जाता तुमचं वजन रोखून धरत असतो, म्हणजे ब्रेकचं काम करतो. सायकलवर हे काम जवळजवळ नसतंच, त्यामुळे रोज शंभर किमी मारणाऱ्यालाही त्याची सवय नसते. मग स्नायूत बारीक बारीक इजा होतात आणि गंमत म्हणजे तेव्हा काहीच दुखत नाही, दुखणं वर येतं साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, म्हणजे नेमकं तुम्ही परत रस्त्यावर असताना. लोक म्हणतात "अरे काल तर आराम केला, मग आज पाय का भरलेत?" आराम कसला, सातमजली जिना उतरलात की राव.

तुमचा थांबा मात्र अगदी बरोबर जागी पडलाय. पुणे ते सोलापूर साधारण अडीचशे, सोलापूर ते विजयपूर शंभर, तिथून होस्पेट, म्हणजे हंपीच्या शेजारचं गाव, दोनशेच्या आसपास. म्हणजे तीन दिवसात साडेतीनशे झाले की थांबा, आणि मग दोन दिवसात उरलेले. काही जण हा दिवस सोलापूरला टाकतात, मला नाही पटत. पहिले दोन दिवस माणूस हौसेवर चालतो, खरं शरीर तिसऱ्या दिवशी बोलायला लागतं. त्यात टाकळीला भीमा ओलांडून धूळखेडला कर्नाटकात शिरलात की पुढे झळकी, होर्ती, सगळा उघडा काळ्या मातीचा पट्टा, सावली कमी, आडवा वारा लागला तर बोलायची सोय नाही. तो दिवस झाला की थांबायलाच पाहिजे.

रेस्ट डे आदल्या दुपारी सुरू होतो हे डोक्यात ठेवा. सोलापूरहून पहाटे अंधारात निघा, लाइट लावून, दुपारच्या जेवणाला विजयपुरात पोचा. कपडे त्याच दुपारी धुवायचे, रेस्ट डेच्या सकाळी नाही, कारण पॅडवाली शॉर्ट लवकर वाळत नाही आणि ओलसर पॅड घालून निघालात की दोन तासात कातडी सोलवटलीच समजा. संध्याकाळी चहाला बाहेर पडाल तेव्हा गोलघुमटाच्या गेटवर जाऊन सकाळी किती वाजता उघडतं ते विचारून ठेवा, वेळा बदलत असतात, नेटवर जे लिहिलंय त्यावर पाच जणांची सकाळ लावू नका. आणि जमलं तर शुक्रवार टाळा, म्युझियम बंद असतं आणि जामा मशिदीतही नमाजाची गर्दी असते.

सकाळी पहिलं काम गोलघुमट. जिना चढायचाच आहे तर दिवसाच्या सुरुवातीला चढा, म्हणजे नंतर पायाला भरपूर वेळ मिळतो. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं, डिसेंबर म्हणजे शाळेच्या सहलींचा महिना. एकदा त्या बस लागल्या की वर गॅलरीत दोनशे पोरं एकदम "ओ" करून ओरडतात आणि मग ती जागा कशासाठी प्रसिद्ध आहे ते कळायचा प्रश्नच मिटला. उघडल्या उघडल्या गेलात तर अर्धा-पाऊण तास मिळतो. तेवढा पुरतो.

वर जायच्या आधी खाली मधोमध उभं राहून पाच मिनिटं नुसतं वर बघा. मोहम्मद आदिलशहाची कबर ही, १६५६ मध्ये तो वारला तेव्हाची. आत सतराशे चौरस मीटर जागा आहे आणि मध्ये एकही खांब नाही. खाली चौकोन, वर गोल, मग हा चौकोन गोल कसा होतो? नीट बघितलं तर दिसतं, भिंतींपासून निघणाऱ्या आठ कमानी एकमेकींना छेदत वर जातात, त्यांच्यामधून चौकोनाचा अष्टकोन होतो आणि त्याच्यावर घुमट बसतो. छेदणाऱ्या कमानींचं हे जे जड वजन आतल्या बाजूला झुकलंय ना, ते घुमटाचा बाहेर ढकलणारा जोर सांभाळतं. एवढा मोठा घुमट, बाहेरून चव्वेचाळीस मीटर व्यास, साडेतीनशे वर्षं उभा आहे तो या हिशोबावर. गाइड घ्यायचा तर घ्या, पण तो सात वेळा आवाज घुमतो, दहा वेळा घुमतो एवढंच सांगत बसेल, कमानी तुमच्या तुम्हीच बघा.

मग कोपऱ्यातल्या मिनारातला जिना. अरुंद, अंधारा, पायऱ्या उंच आणि झिजून मध्ये खोलगट झालेल्या, सात मजले, शंभरावर पायऱ्या आरामात. क्लीटवाले (पेडलला अडकणारे) बूट घालून आलात तर खरंच पडाल, साधे शूज किंवा मागे पट्टा असलेले सँडल. वर गॅलरीत दोघांनी समोरासमोर जायचं, मध्ये जवळजवळ अडतीस मीटरची पोकळी, एकाने भिंतीला तोंड लावून अगदी हळू काहीतरी बोलायचं आणि दुसऱ्याने भिंतीला कान लावायचा. शेजारी उभा असलेल्याला ऐकू येत नाही ते पलीकडच्याला कानात सांगितल्यासारखं येतं. आवाज गोल भिंतीच्या कडेकडेने सरकत जातो म्हणून हे होतं, मध्ये उभं राहून ओरडलात तर नुसता गोंधळ. सायकलची बेल खिशात घालून नेणारे महाभाग असतात, तुमच्या ग्रुपमध्येही एक असेलच, त्याला खालीच थांबवा.

उतरताना घाई नाही. एक हात भिंतीला, पाऊल थोडं तिरकं, पूर्ण तळवा टेकवायचा, उड्या मारत उतरायचं नाही. ज्याचा गुडघा आधीच कुरकुर करतोय त्याने वर जाऊच नये, खालूनही घुमट पोटभर दिसतो, त्यात कमीपणा काही नाही.

खाली आलात की समोरच नगारखान्यात पुरातत्त्व खात्याचं म्युझियम आहे, ते उघडलं असेल तर बघा, नाहीतर आधी नाश्ता. विजयपूर-बागलकोट पट्टा कर्नाटकात सायकल रेसिंगसाठी नावाजलेला आहे, खेडेगावातली पोरं नॅशनलपर्यंत गेलीत इथली, सकाळी हायवेला रेसिंग सायकलवर घोळका दिसला तर दचकू नका आणि त्यांच्या मागे लागायचा तर विचारही करू नका. फायदा असा की सायकलचं काही अडलं तर चहाच्या टपरीवर विचारलं तरी कुणीतरी जाणकार निघतो. भाषेची अडचण पण कमी, बाजारात मराठी समजणारे बरेच भेटतात, नाहीतर दख्खनी हिंदी आहेच.

दहा-साडेदहाला रूमवर परत. इथे ती यादीवाली पार्टी कुरकुरेल, "अजून अख्खा दिवस आहे". कुरकुरू दे. साडेदहा ते साडेतीन ही वेळ सायकलची, जेवणाची आणि झोपेची.

सायकलचं काम तासाभराचं. जुना टूथब्रश आणि चिंधी घेऊन चेन पुसा, काळी मातीची धूळ ऑइलमध्ये मिसळून जी लेई होते ती चेन आणि कॅसेट (मागच्या चाकाची दातेरी चक्रं) दोन्ही खाते. पुसून कोरडी झाल्यावर थेंब थेंब ल्यूब, जास्तीचं परत पुसून टाकायचं. मग कॅरियरचे आणि पॅनियरच्या (कॅरियरला लटकवायच्या बॅगांच्या) हुकांचे सगळे स्क्रू एलन कीने तपासा, तीन दिवसाच्या हादऱ्यांनी एखादा तरी ढिला झालेला असतोच. आणि टायर. हे सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळे हेच टाळतात. टायर काढून आतून कापसाचा बोळा फिरवा, बाभळीचं काट्याचं टोक आत राहिलेलं असलं तर कापूस तिथे अडकतो. बोटाने शोधायला जाऊ नका, बोटात जातं. असलं तुटकं टोक दिवस-दोन दिवस गप्प बसतं आणि मग नेमकं भर उन्हात आडरानात ट्यूबमध्ये घुसतं.

जेवायला साधी खानावळ शोधा, एसी हॉटेलच्या नादी लागू नका. ज्वारीची भाकरी, एण्णेगायी म्हणजे भरल्या वांग्याची भाजी, शेंगाचटणी, दही, कच्चा कांदा, आणि शेवटी भात. सोलापूरची शेंगाचटणी चांगली की विजयपूरची यावर मी मत देणार नाही, सोलापूरकर मित्र आहेत. पायातला जळलेला ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूत साठवलेली साखर, पूर्ण भरायला साधारण चोवीस तास लागतात, तेही नीट खाल्लं तर, म्हणून रेस्ट डेला "आज सायकल नाही तर कमी खातो" हा शहाणपणा करू नका. भाकरी-भात दाबून, दिवसभर थोडं थोडं. तिखट मात्र दुपारीच काय ते उरका, रात्री दहीभात. इथली भाजी डोळ्यांना साधी दिसते आणि सकाळी हिशोब मागते. इंडी तालुक्यातली लिंबं या भागात मुबलक, मीठ घातलेलं लिंबूपाणी दोन-तीन वेळा होऊ द्या.

जेवून झोप. दोन तास, अलार्म लावून. सैल पायजमा किंवा लुंगी, पॅड नाही, सायकल शॉर्ट नाही, बसायच्या जागेच्या कातडीला अख्खा दिवस हवा मिळाली पाहिजे. खरं तर रेस्ट डेचा निम्मा उपयोग हाच आहे, पण यावर कुणी बोलत नाही.

चारला सायकल काढा, बिनसामानाची, हलक्यात हलका गिअर, साधी हाफ पँट. हेच ते पाय मोकळे करणं, अर्धा-पाऊण तास, दम लागता कामा नये, गप्पा मारता आल्या पाहिजेत. गोलघुमट शहराच्या पूर्व टोकाला आणि इब्राहिम रोजा पश्चिमेला कोटाच्या बाहेर, त्यामुळे आपोआप अख्खं शहर आडवं पार होतं. वाटेत आर्क किल्ल्याच्या (शहरातल्या आतल्या किल्ल्याच्या) बाजूला गगनमहाल लागतो, १५६१ चा, त्याची मधली कमान रस्त्यावरूनच दिसते, सायकलवरून उतरलात तर पाच मिनिटं, नाही उतरलात तरी चालेल. १६८६ मध्ये औरंगजेबाने विजापूर घेतलं आणि आदिलशाही संपली ती या शहरात, शेवटच्या सिकंदर आदिलशहाला औरंगजेबापुढे उभं केलं ते याच महालात असं सांगतात.

पुढे ताज बावडी, १६२० ची, बाकी काही न बघता तिची दर्शनी कमान बघा. पाणी बघायला जाऊ नका, वाईट वाटेल. या शहराला पश्चिमेकडच्या तोरवीहून जमिनीखालून नहरीने पाणी यायचं, मध्ये मध्ये दाब मोडायला दगडी बुरूज बांधलेले, त्यांना गंज म्हणतात, जाता-येता एखादा उभा दिसेल आणि तुम्ही त्याला जुनी पाण्याची टाकी समजून पुढे जाल.

इब्राहिम रोजा. एकच गोष्ट बघायची म्हणालात तर मी हीच सांगेन, गोलघुमट नाही. गोलघुमट बघून छाती दडपते. इथे बसून राहावंसं वाटतं आणि रेस्ट डेला तेच पाहिजे, शिवाय जिना नाही. दुसरा इब्राहिम आदिलशहा, म्हणजे गोलघुमटवाल्या मोहम्मदचा बाप, आणि त्याची राणी ताज सुलताना यांची ही कबर, ताज बावडीवाली तीच. बांधणारा मलिक संदल. एकाच चौथऱ्यावर समोरासमोर दोन इमारती, एक कबर, एक मशीद, मध्ये हौद. हा इब्राहिम संगीतवेडा, दख्खनीत गाणी रचायचा आणि त्यात सरस्वती आणि गणपतीला वंदन करायचा, लोक त्याला जगद्गुरू म्हणायचे. तुमच्यातला कुणीतरी "आदिलशहाचं काय बघायचं" म्हणेलच, त्याला सांगा की याच घराण्यातल्या पहिल्या इब्राहिमने महसुलाचे हिशोब फारसीऐवजी मराठीत ठेवायला लावले होते, आणि शहाजीराजे याच दरबाराचे सरदार होते. शिवचरित्र वाचलेल्या माणसाला हे शहर परकं वाटायचं कारण नाही.

तिथे दोन गोष्टी जवळ जाऊन बघा. कबरीच्या खिडक्यांच्या जाळ्या, नक्षी वाटते पण ती अक्षरं आहेत, अरबी अक्षरंच दगडात आरपार कोरलेली, आत अंधारात उभं राहिलं की उजेड त्या अक्षरांमधून येतो. आणि समोरच्या मशिदीच्या छज्जाखाली लोंबणाऱ्या दगडी साखळ्या. एकेक साखळी अखंड दगडातून कोरलेली, कडीत कडी अडकलेली, कुठे सांधा नाही. दुपारीच तासभर चेनची एकेक कडी पुसून आलेल्या माणसाला त्या बघताना जी मजा येते ती बसने आलेल्याला येणार नाही. बूट काढावे लागतात, चारनंतरही फरशी गरम असू शकते, जाड मोजे सोबत ठेवा. सायकली दोन-दोन एकमेकीत अडकवून लॉक करा आणि तिकीट खिडकीच्या नजरेसमोर ठेवा, मीटर आणि लाइट काढून खिशात.

तिथून परतताना कोटाच्या बुरुजावर मुलूखमैदान तोप, उजेड असेल तर. चढण थोडीच आहे. १५४९ मध्ये अहमदनगरला ओतलेली, पंचावन्न टनांच्या आसपास वजन, तोंडाला सिंहाचा जबडा आणि त्या जबड्यात हत्ती. निजामशाहीची तोप, ती परांड्याच्या किल्ल्यात होती, १६३२ मध्ये तिथून इथे आणली. परांडा तुमच्या पुणे-सोलापूर वाटेवरच्या टेंभुर्णीपासून फार लांब नाही, म्हणजे साधारण तुम्ही ज्या दिशेने आलात त्याच दिशेने हे पंचावन्न टनांचं धूड बैल-हत्ती लावून ओढत आणलं. पॅनियर जड झाल्याची तक्रार करणाऱ्याला तिथे उभं करून फोटो काढा. पुढे इंग्रजांच्या काळात १८५४ मध्ये ही तोप दीडशे रुपयांना लिलावात गेली होती, नशीब की सौदा रद्द झाला.

आता काय सोडायचं. उपळी बुरूज सोडा, बाहेरून गोल फिरत वर जाणाऱ्या पायऱ्या आहेत, वरून शहर छान दिसतं, पण सकाळचा जिना झालाय तुमचा, एका दिवसात दोन नाही. गोलघुमट चुकलाच कुणाचा तर त्याने मात्र जरूर जावं. जामा मशीद मोठी आणि देखणी आहे, पण तिथे गेलात की तासभर उभं राहणं आलं, जोड गुंबद, मेहतर महाल, आसार महाल हे सगळं पुढच्या वेळी बायकापोरांना घेऊन गाडीने याल तेव्हा. साठ कबर सगळ्यात जास्त विचारतात, कारण अफजलखानाची गोष्ट, प्रतापगडावर निघण्याआधी त्याने आपल्या बायकांना विहिरीत बुडवून मारलं अशी दंतकथा. जागा गावाबाहेर शेतात, वाट काट्याची, आणि तुम्ही दुपारी कापूस फिरवून साफ केलेले टायर तिथे न्यायचे? पाहिजेच असेल तर रिक्षा करा. बारा कमान मात्र शहराच्या मध्यातच आहे, दुसऱ्या अली आदिलशहाची अर्धवट राहिलेली कबर, पूर्ण झाली असती तर तिची सावली गोलघुमटावर पडली असती म्हणून काम थांबवलं अशी गोष्ट लोक सांगतात. मला ती पटत नाही, १६७२ मध्ये राजा गेला आणि राज्यही मोडकळीला आलं होतं, एवढं कारण पुरे आहे. तरी परतीच्या वाटेवर संध्याकाळी दहा मिनिटं थांबायला काळ्या कमानींची ती जागा फार छान.

साडेसात-आठला जेवण, नऊला दिवा बंद. सामान झोपायच्या आधी बांधून ठेवा, बाटल्या भरून ठेवा. सकाळी निडगुंदीकडचा हायवे धरायचा, आलमट्टीजवळ कृष्णा ओलांडायची, मग हुनगुंद आणि इलकल, मुक्काम इलकललाच करा, एकशे दहा-पंधरा होतात. पहिले दहा किलोमीटर मुद्दाम हळू मारा, एक दिवस थांबलेले पाय सुरुवातीला खोटं बोलतात, कधी खूप हलके वाटतात आणि माणूस सुटतो, कधी उगाच जड वाटतात आणि माणूस घाबरतो. निडगुंदीला चहाला थांबाल तोपर्यंत काय खरं ते कळलेलं असेल. कुणाच्या मांड्या भरल्या असतील तर त्याला तिथून पुढे ग्रुपच्या मागे ठेवा, वाऱ्याच्या आडोशाला, आणि इलकलपर्यंत पुढे येऊ देऊ नका.